करवती काठ आणि बुटीकची पाटी

‘बुटीक’ हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ इतकाच, की दुकान. आपल्याकडे येईपर्यंत मात्र त्याला निराळाच थाट चढला. आज भद्रावतीसारख्या गावातही जिथे ब्लाऊज शिवून मिळतात तिथे ही पाटी झळकू लागली आहे. माझ्या थोरल्या बहिणीलाही अशी पाटी लावायची आहे. गेली बारा वर्षे ती घरी शिवणकाम करते. हात चांगला आहे, गिऱ्हाईकही आहे. शिंपीकाम आणि बुटीक यांत नेमका फरक कोणता, असे तिने एकदा मला विचारले. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचले आणि पाहिले, ते आपल्या वार्षिकांकाच्या वाचकांपुढे मांडते.

फरक असा. आपण नेलेले कापड आपल्या मापाने शिवून देतो तो शिंपी. बुटीकचा मालक कापड स्वतः निवडतो, कपड्याची कल्पना त्याची असते आणि एका प्रकारचे मोजकेच नग तो करतो. म्हणजे बुटीकची सारी मातब्बरी दोन गोष्टींवर उभी असते : कापड आणि कल्पना. त्या कुठून येतात? बहुतेक जण प्रवासाकडे आणि परंपरेकडे बोट दाखवतात. कुणी कच्छला जाऊन येते, कुणी बनारसला. आणि परत आल्यावर कपड्याच्या चिठ्ठीवर ‘पारंपरिक वस्त्रांपासून प्रेरित’ असे छापले जाते. प्रेरणा हा शब्द मोठा गोड आहे. परंतु प्रेरणा घेऊन निघालेला माणूस पुढे मागाकडे जातो की छापखान्याकडे, यावर सारे अवलंबून असते.

ताजे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात ‘प्राडा’ या बड्या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन भरवले. त्यातल्या मॉडेल्सच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी चपला होत्या. पण कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे ते नाव कुठल्या जिल्ह्यांतल्या मालाला लावायचे हे कायद्याने ठरलेले आहे. महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा या चपलांमागे भारतीय परंपरेची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करारही केला. नाव आधी घेतले असते तर एवढा गाजावाजा झालाच नसता.

याच्या उलट वाट वैशाली शडांगुळे यांची. त्या मूळच्या मध्य प्रदेशातील विदिशाच्या. २००१ मध्ये मुंबईच्या मालाड उपनगरात त्यांनी लहानसे बुटीक काढले. पुढे जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या ‘ओत कुत्यूर’ सप्ताहात, म्हणजे हाताने आणि एकेका गिऱ्हाइकासाठी शिवलेल्या उंची कपड्यांच्या मेळ्यात, आपले काम मांडणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. मला विशेष वाटते ते त्यांच्या कापडाचे. चंदेरी, पैठणी, खण अशी हातमागाचीच वस्त्रे त्यांनी हाताळली. खण म्हणजे आपल्या आज्यांच्या चोळीचे कापड. ते विणले जाते कर्नाटकातील गुळेदगुड्डला. चोळी गेली आणि खणाचे गिऱ्हाईक रोडावले. अशा कापडाचा नवा पोशाख झाला, की ते कापड पुन्हा विणावे लागते. इथे प्रेरणेची पावले मागाकडे वळली.

आता आपल्या घराकडे येऊ. चंद्रपूर जिल्ह्याला मागाचे वावडे नाही. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी महात्मा गांधी सावलीला आले होते. सावलीची ओळख खादीचीच. आणि पूर्व विदर्भाचे स्वतःचे असे एक लुगडे आहे : करवतकाठी. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. ते विणताना पाहावे म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी बहिणी चांदा फोर्टहून गोंदियाच्या गाडीने नागभीडला गेलो.

मागाशेजारी बसल्यावर त्या काठाचे मर्म ध्यानात आले. साध्या मागावर एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. त्यामुळे काठाचे उभे धागे लाल असले तरी आडवा धागा अंगाच्या रंगाचाच येतो, आणि लाल रंग फिका, मिसळलेला दिसतो. करवतकाठीला तीन धोटे लागतात : डाव्या काठाचा एक, मधल्या अंगाचा एक आणि उजव्या काठाचा एक. प्रत्येक धोटा आपल्या सीमेपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणून काठ उभ्याआडव्या दोन्ही धाग्यांत लालच राहतो आणि ठसठशीत उठतो. ही सीमा दर खेपेला थोडे थोडे धागे पुढे आणि मग तशीच मागे सरकवली, की करवतीचे दाते उमटतात. नाव पडले ते यामुळे. तमिळनाडूत कांचीपुरमच्या साडीचा काठही अशाच तीन धोट्यांनी जोडतात. काम अर्थातच संथ. एकट्याचे हात पुरत नाहीत, जोडीला दुसरे माणूस लागते.

काठ रंगीत, अंग मात्र कोशाच्या मूळ रंगाचे, फिकट सोनेरी. हा कोसा म्हणजे टसर रेशीम. त्याचा किडा तुतीवर नव्हे, तर आपल्या जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. चंद्रपूर, गडचिरोली आणि भंडारा भागातली ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ही शेती करत आली आहेत. पावसाळा लागला की अळ्या झाडांवर सोडायच्या आणि पाखरे, मुंग्या यांच्यापासून त्यांची राखण करायची. पुढे कोश उकळून मऊ करायचे आणि काही कोशांचे तंतू एकत्र ओढून त्यांचा धागा करायचा. म्हणजे एका लुगड्यामागे जंगल आहे, राखणदार आहे, धागा काढणाऱ्या बाया आहेत आणि मग विणकर आहे. बुटीकवाली या रांगेत अगदी शेवटी उभी असते. पण मागणीची दोरी तिच्या हाती असते.

नेमका इथेच पेच आहे. करवतीचे दाते दिसायला इतके सोपे, की ते कुठल्याही कापडावर छापता येतात. पॉलिएस्टरवर छापलेला करवती काठ हातमागाच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतो, आणि लांबून तो खराही वाटतो. त्याच्यावरही ‘प्रेरित’ म्हणून लिहिता येते. पण त्या प्रेरणेतला पैसा ना जंगलात पोचतो, ना मागावर. आम्ही ज्या विणकराकडे गेलो होतो त्याने सांगितले, की शहरातून माणसे येतात, मागाचे फोटो काढतात, नमुन्याला एखादा तुकडाही नेतात. पण फिरून येणारी थोडी. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याचा मुलगा मागावर बसत नाही, एवढे मात्र त्याने आपणहून सांगितले.

मग प्रामाणिक बुटीकवालीचे काम कोणते? लुगडे विकत घेऊन ते कापून कुर्ता शिवणे, ही त्याची पहिलीच पायरी. हातमागाच्या कापडाचा पन्हा मागाच्या रुंदीने बांधलेला असतो, काठही दोन्ही कडांना ठरलेले असतात. कात्री चालवली की निम्मा काठ वाया जातो. त्यापेक्षा विणकराजवळ बसून काठ एकाच बाजूला आणि हवा तेवढा रुंद विणून घेता येतो. कुर्त्याच्या घेराला तो सरळ बसतो, काही वाया जात नाही. यासाठी आधी विसार द्यावा लागतो, महिना-दोन महिने थांबावे लागते आणि एक नग विकला गेला की दुसऱ्याची मागणी घेऊन परत जावे लागते. फिरून जाणे हाच यातला खरा प्रवास, असे मला वाटते. माझ्या बहिणीने चार कुर्त्यांचे कापड तसे सांगून ठेवले आहे. ताडोब्याच्या मोहर्ली दरवाजाकडे जाणारे कितीतरी पर्यटक आपल्या गावावरून जातात. वाघाच्या छापील चित्राचा सदरा त्यांना कुठेही मिळेल. ऐनाच्या झाडावर वाढलेल्या कोशाचा सदरा मिळणार तो आपल्याच भागात.

असो. आपल्यापैकी प्रत्येक जण काही बुटीक काढणार नाही. पण कापड सर्वच जण घेतात. तेव्हा करवती काठ समोर आला, की तो उलटून पाहावा. छापील असेल तर मागची बाजू फिकी दिसेल. विणलेला असेल तर रंग दोन्हीकडे तेवढाच भरलेला आणि सांध्यावर दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकलेले दिसतील. मग दुकानदाराला विचारावे, की हे विणले कुठल्या गावी? त्याला गावाचे नाव सांगता आले, तर चिठ्ठीवरच्या ‘प्रेरित’ या शब्दाला काही अर्थ आहे. स्नेहसंमेलनात साडीचा दिवस असतो. त्या दिवशी हा खेळ आपल्या महाविद्यालयाच्या आवारातच करून पाहायला हरकत नाही.