गाडी, वाट आणि वापसा

शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्याला जूनच्या अखेरीस 'पेरणी कधी?' असे विचारले, तर तो तारीख सांगत नाही. 'वापसा आला की,' एवढेच म्हणतो. वापसा म्हणजे जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, पाभर चालेल आणि बैलाच्या खुरांना गोळे धरणार नाहीत, अशी अवस्था. ती ओळखण्याची रीत साधी आहे. मूठभर माती घ्यायची, दाबून तिचा गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. गोळा फुटून विखुरला तर वापसा आला. न फुटता बदकन बसला तर अजून थांबायचे. घरात नवाकोरा ट्रॅक्टर उभा असला तरी या परीक्षेतून सुटका नाही. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा आहे, हे मातीला ठाऊक नसते.

या मूठभर मातीची आठवण मला अलीकडे वेगळ्याच कारणाने होऊ लागली आहे. रविवारी सकाळी पुण्याहून, आणि आता शिरूर, केडगाव, पाटसकडूनही, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या आडवाटांच्या शोधात निघतात. थार असते, गुरखा असते, एखादी जुनी जिप्सी जिवापाड जपलेली असते. बहुतेक गाड्यांत मालकांनी थोडेफार बदल केलेले असतात. मोठे टायर, दोन इंच उंच स्प्रिंगा, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर दोर ओढणारे विंच. आणि मग प्रश्न येतो : 'एवढे केले आहे, आता त्या वाटेने गाडी निघेल ना?'

हा प्रश्न माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला विचारण्याचे कारण एवढेच, की नोकरीतली उमेदीची वर्षे मी या दोन तालुक्यांत काढली. कर्जातून खोदलेली विहीर खरोखर खोदली आहे का, पाइपलाइन कागदावर आहे की जमिनीत, हे पाहत शाखेच्या जीपमधून हिंडलो. रस्ते नावापुरतेच होते. जीपला ना मोठे टायर होते ना विंच. पण आमचा ड्रायव्हर कुठल्याही ओढ्यापाशी आधी जीप थांबवी, चपला हातात घेई आणि पलीकडे चालत जाऊन येई. तो परत येऊन काय सांगतो, यावर त्या दिवशीची तपासणी ठरत असे.

तारण आणि कुवत

कर्ज देताना बँक तारण पाहते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तारण शेवटी पाहायचे असते. आधी पाहायची परतफेडीची कुवत : पीक कोणते, पाणी किती महिने, ऊस कोणत्या कारखान्याला जातो. तारण भक्कम आहे म्हणून कुवत नसलेल्याला कर्ज दिले की पुढे जप्तीचे कागद करण्याची वेळ येते. गाडीवर केलेले बदल मला या तारणासारखे वाटतात. दिसायला भक्कम, सांगायला सोपे. पण वाट निघेल की नाही, हे त्यांवरून पुरते ठरत नाही.

आकडेच पाहू. २०२० साली आलेल्या नव्या थारचे कारखान्यातले माप असे : जमिनीपासूनची उंची २२६ मि.मी., पुढचा चढाईचा कोन ४१.८ अंश, मागचा ३६.८ अंश, पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा कोन २७ अंश आणि पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मि.मी., म्हणजे दोन फुटांहून जरा जास्त. हौशी मालक सगळ्यात आधी गाडी उंच करतो. दोन इंचांच्या स्प्रिंगा बसवल्या की बॉडी दोन इंच वर जाते, कोन सुधारतात आणि पोट लवकर घासत नाही, हे खरे. पण थारचा मागचा आस सलग आहे. त्याच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा स्प्रिंगांच्या खाली असतो. तो होता तिथेच राहतो. चाकोरीतला मधला दगड त्याच गोळ्याला लागतो.

तो गोळा वर न्यायचा तर टायरच मोठे हवेत. ३१ इंचांचे काढून ३३ इंचांचे बसवले, तर आस वाढतो फक्त एका इंचाने, कारण वाढलेल्या व्यासाचा अर्धाच भाग खाली येतो. शिवाय चाक सहा टक्क्यांनी मोठे झाले म्हणजे गिअरही तेवढेच जड झाले. उतारावर गाडी पूर्वीइतकी रांगत नाही, ब्रेकला जास्त ताकद लागते, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. बंपर आणि विंच यांचे वजन नेमके नाकावर येते, आणि बंपर जास्त पुढे आला तर विकत घेतलेला चढाईचा कोन पुन्हा हातचा जातो. उंच झालेली गाडी आडव्या उतारावर कलंडायलाही लवकर तयार होते. प्रत्येक जमेसमोर एक खर्च आहे, आणि ताळेबंद मांडल्याशिवाय नफा कळत नाही.

माझ्या समजुतीने दोनच बदलांनी खात्रीचा उपयोग होतो. एक म्हणजे चांगल्या पकडीचे टायर. त्यासोबत वाळूत त्यांची हवा कमी करण्याची सवय आणि परत भरायला पंप हवा. दुसरा म्हणजे डिफरन्शिअल लॉक. साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा, की ज्या चाकाला विरोध कमी त्याला तो आधी फिरवतो. वाट वेडीवाकडी असली की पुढचे एक आणि तिरक्या बाजूचे मागचे एक चाक अधांतरी होते. ती दोन गरगरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ बसतात. लॉक लावले की दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरतात. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची, गुरखा ही सोय पुढे-मागे कारखान्यातूनच घेऊन येते. वडापच्या ट्रॅक्सच्या टपावर बसून आठवडी बाजाराला गेलेल्या पिढीला या घराण्याची मजबुती वेगळी सांगायला नको.

वाट एक नसते

या भागात वाट म्हणजे तीन निरनिराळ्या जमिनी. माळावरचा मुरूम हा पहिला प्रकार. तो प्रामाणिक असतो. घसरला तरी किती घसरेल हे दिसते. तिथे उंची आणि कोन यांचे हिशेब बहुतेक खरे ठरतात. दुसरी, नदीकाठची काळी. उन्हाळ्यात तिला पाय जाईल अशा भेगा पडतात, आणि पाऊस झाला की ती फुगते. तिच्यातल्या चिकणमातीचे कणच पाणी धरून फुगणारे. चिखलासाठी केलेल्या टायरांच्या खाचाही ती पन्नास पावलांत भरून टाकते. मग टायर कितीही महाग असो, चाक गुळगुळीत लाटण्यासारखे फिरते. काळ्या रानात चारही चाकांचा जोर असेल तर गाडी थोडी पुढे जाऊन रुतते, एवढाच फरक. आणि ओढून काढायला शेवटी शेजारच्या वस्तीवरचाच ट्रॅक्टर येतो. तिसरी जमीन म्हणजे नदीचे पात्र.

गेल्या पावसाळ्यानंतर एका मित्राचा मुलगा मला घोडकाठी घेऊन गेला. मोठे टायर, दोन इंच उंची आणि विंच लावलेली त्याची थार, आणि सोबत आणखी दोन गाड्या. बेत असा, की न्हावऱ्याच्या बाजूने खाली उतरायचे, घोड ओलांडायची आणि पलीकडे श्रीगोंदा तालुक्यात निघायचे. याच नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तेव्हापासून माणसे नदी ओलांडत असणार, बैलगाड्यांचा उतार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. मग आपल्याला काय अडचण, असा त्याचा युक्तिवाद होता. पाणी संथ होते आणि गुडघ्याच्या वर दिसत नव्हते. म्हणजे ६५० मि.मी.च्या आतच.

काठावर एक बाई जनावरांना पाणी दाखवत होत्या. मुलाने विचारले, ''मावशी, इथून गाडी निघेल का?''

त्यांनी गाडीकडे पाहिलेही नाही. ''गाडीचं काय इचारतूस बाबा, तळ कुटं हाय त्ये इचार,'' त्या म्हणाल्या. ''म्होरल्या अंगाला आमचा ट्रॅक्टर जायाचा हितनं. मग वाळूवाल्यांनी उपसा केला. आता वर पानी गुडघ्याएवढं दिसतंय, अन् पाऊल टाकलं की मानूस गपकन खाली.''

मी त्या उताराने कितीदा तरी गेलेलो होतो. पण माझी माहिती त्या क्षणी जुन्या सात-बाऱ्यासारखी झाली. उतारा खरा, जमीन बदललेली. वाळू उपशाने भीमा आणि घोड या दोन्ही नद्यांच्या पात्रांत खड्डे पडले आहेत, आणि पूर येऊन गेला की त्यांच्या जागाही बदलतात. जुन्या माणसाचा अनुभव इथे पुरत नाही. काल-परवा पात्रात उतरलेल्याचाच पुरतो.

मुलाने वस्तीवरून आठ फुटी बांबू आणला, कमरेला विंचचा दोर बांधला आणि तळ चाचपत पात्रात शिरला. एक तृतीयांश अंतर वाळू लागली. त्यानंतर बांबू पूर्ण आत गेला तरी तळ लागला नाही.

खरा पेच त्यानंतर उभा राहिला. सोबतच्यांपैकी एक म्हणाला, ''आलोच आहोत, तर जरा वरच्या अंगाने बघू.'' हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकले आहे : निम्मे कर्ज दिलेच आहे, तर उरलेलेही देऊन टाकू, प्रकल्प उभा राहील. लाखभर रुपयांचे टायर घातलेले असतात, मित्र पाहत असतात, कॅमेरा सुरू असतो. गाडीतले बदल अशा वेळी गाडीपेक्षा मालकालाच अधिक बदलतात. मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग त्याने दोर सोडला आणि ''नाही,'' एवढेच म्हणाला.

पाण्याचा हिशेब

पाण्याबाबत एक गणित प्रत्येक गाडीवाल्याने स्वतः करून पाहावे. गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटर धरले आणि पाणी तळाच्या एक फूट वर चढले, तर सुमारे १,८०० किलो पाणी बाजूला सारले जाते. थारचे वजन जवळपास तेवढेच आहे. म्हणजे आत पाणी भरेपर्यंत गाडी तरंगू लागते. आणि तरंगणाऱ्या गाडीच्या चाकांना किती जोर मिळतो, याला काही अर्थ उरत नाही. वाहते पाणी असेल तर तरंगण्याच्या आधीच ते गाडीला आडवे ढकलते. ६५० मि.मी. ही मर्यादा उभ्या पाण्याची आणि पक्क्या तळाची समजावी.

दौंडचा धोका आणखी निराळा. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाकाठी जेमतेम ५०० मि.मी. पाऊस. पण मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, आणि खडकवासल्यातून सोडलेले पाणी काही तासांनी दौंडच्या पुलाखालून जाते. दौंडला कडक ऊन असते, आणि पानशेतच्या डोंगरात कोसळलेल्या पावसाने इथली नदी चढत असते. त्यामुळे आकाशाकडे पाहून नदीत उतरणे व्यर्थ. धरणातून विसर्ग किती, याची चौकशी आधी करावी. घोडलाही वर डिंभे आणि चिंचणीची धरणे आहेत.

वाट कोणाची?

गाडी निघेल का, याच्या जोडीने तिने तिथून जावे का, हेही विचारायला हवे. कुणाच्या बांधावरून चाके गेली, तर पुढच्या पावसात तो बांध तिथेच फुटतो. दौंड-बारामती-इंदापूरचे गवताळ माळ ओसाड दिसतात, पण तिथे चिंकारा आहे, लांडगा आहे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत; त्यांतले पुष्कळ क्षेत्र वन विभागाचे आहे आणि परवानगीशिवाय तिथे गाडी घालणे हा गुन्हा आहे. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची दहशत आहे, म्हणून पायी पाहणी करायची ती दिवसाउजेडीच.

गाडीतल्या बदलांनाही कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. लोखंडी बंपरांबाबत केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. विम्याचा दावा करताना हे सारे पुढे येते. तेव्हा 'थोडेच बदल केले आहेत' हे उत्तर पुरत नाही.

आम्ही त्या दिवशी शिरूरला मागे येऊन पुलावरून पलीकडे गेलो. मुलगा वाटेत फारसा बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने माळावरची मुरमाची एक अवघड चढण आधी चालत पाहिली, मालकाला विचारले, सोबत दुसरी गाडी नेली आणि चढून आला. गाडी तीच होती, टायर तेच होते. वाट वेगळी होती आणि वेळ योग्य होती. शेतकरी वापसा येईपर्यंत थांबतो, तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. त्याला शेती कळते, असे म्हणतात.