कृपेने आरंभ, मग पुढे? (गलतीकरांस पत्र : लेखांक 6)

मागच्या लेखांकात आपण अंत्युखियाच्या पंगतीपाशी थांबलो होतो. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर मोकळेपणाने जेवत असे. याकोबाकडची माणसे आली तसा तो अंग चोरून मागे सरू लागला, आणि त्याचे पाहून बर्णबासही. पौलाने सर्वांदेखत पेत्राला धारेवर धरले. पंगतभेद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण पौलाला त्यात माणसांच्या अपमानापलीकडचेही काही दिसले. ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा नाही, त्याला सुंतेची आणि नियमशास्त्राची जोड हवी, असे पेत्राचे ते उठणे न बोलता सांगत होते.

तिसऱ्या अध्यायात हीच गोष्ट पौल गलतीकरांपुढे मांडतो. त्यांनी ख्रिस्ताला सोडले नव्हते, हे ध्यानात घ्या; ते त्याच्यावरच्या विश्वासाला नियमशास्त्राची जोड देऊ पाहत होते. आरंभ आत्म्याने केलात, आता शेवट काय स्वतःच्या बळावर करणार, असा त्याचा रोख आहे.

आपल्या मंडळ्यांत साक्ष देताना 'माझे तारण अमुक साली झाले' असे आपण म्हणतो. त्यात काही वावगे नाही. पण त्या सालानंतरचा हिशेब कशावर मांडतो? उपास किती झाले, दशांश दिला का, रविवार चुकला का. सगळे जमले की मान ताठ; नाही जमले की प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते. दोन्ही वेळा नजर ख्रिस्तावरून ढळलेली असते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला इथे फार मोलाचे वाटते. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांसाठी एवढे झिजणाऱ्या या बाईंना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून मिळायचा आहे. 1907 च्या साक्षीत त्यांनी हे आडपडदा न ठेवता लिहिले. त्यांची सेवा थांबली नाही, पण तिचा पाया बदलला.

आरंभानंतरही असे रोज ख्रिस्तावरच अवलंबून राहायचे म्हणजे तारण हातचे जाईल या धास्तीत जगायचे, असा अर्थ कोणी काढू नये. इब्री 7:25 पाहा. ख्रिस्त सर्वदा जिवंत आहे आणि त्याच्याद्वारे देवाकडे येणाऱ्यांसाठी मध्यस्थी करतो. वधस्तंभावरचे अर्पण एकदाच झाले. मध्यस्थी आज, या घटकेलाही चालू आहे. वीस वर्षांच्या सेवेने त्या आधारात भर पडत नाही, आणि काल आपण घसरलो म्हणून तो उणा होत नाही.

पुढच्या आठवड्यात अब्राहामाकडे वळू. तोवर तिसऱ्या अध्यायाची पहिली पाच वचने रोज सकाळी वाचा, आणि पौलाने तो प्रश्न तुमचे नाव घेऊन विचारला आहे असे समजून उत्तर द्या.