लाकूड कोणी धरावे?

लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे जुने साधन म्हणजे सामता. कमानीची दोरी सामत्याच्या दांडीला वेढलेली असते. सुतार कमान मागेपुढे ओढतो, तशी दांडी गरगर फिरते व तिच्या टोकाचे पोलादी पाते लाकूड कोरीत जाते. लाकूड पायाखाली दाबून धरले, तरी तेवढ्या जोराला ते पुरते. पाते मध्येच अडकले, तर सुताराचा हात थांबतो आणि हाताबरोबर हत्यारही थांबते.

विजेवर चालणाऱ्या उभ्या ड्रिल यंत्राची गोष्ट निराळी आहे. त्यातील पाते, म्हणजे बिट, मोटर फिरविते. बिट लाकडात अडकले, तरी मोटर तत्काळ थांबत नाही. तिचा जोर लाकडात उतरतो, आणि क्षणापूर्वी स्वस्थ असलेले लाकूड बिटाबरोबर पंख्यासारखे फिरू लागते. बिट मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ फेरे होतात. धोका ध्यानी येऊन हात मागे घेण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला असे धरले, तरी तेवढ्यात ५ फेरे होऊन जातात. मग 'मी घट्ट धरीन' या भरवशावर बोटे कशी सोपवावीत?

बिट अडकण्याचा धोका सर्वांत अधिक केव्हा असतो? भोक आरपार जाण्याच्या ऐन वेळी. तळाचा पातळ थर फाटतो, बिट एकदम खाली घुसते आणि त्याच्या कडा लाकडाच्या तंतूंत रुततात. काम संपत आले म्हणून हात सैल पडण्याची वेळही नेमकी तीच!

यासाठी यंत्राच्या मेजावर प्रथम एक टाकाऊ फळी ठेवावी, तीवर लाकूड ठेवावे आणि दोन्ही शिकंज्यांनी मेजाशी घट्ट आवळावीत. फळीमुळे तळाच्या तंतूंना आधार मिळतो व भोकाची कड फाटत नाही. गोल दांडा असेल, तर तो खाच पाडलेल्या ठोकळ्यात बसवून मग आवळावा. लांब लाकडाचा डावीकडील भाग यंत्राच्या खांबाच्या डाव्या बाजूस टेकवावा. वरून पाहता बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. लाकूडही त्याच दिशेने फिरू पाहते, तेव्हा खांब त्याला अडवितो. आधार बिटापासून जितका दूर, तितका त्यावर भार कमी पडतो. १० सेंटिमीटरवर जेवढा जोर सोसावा लागेल, त्याचा तिसरा हिस्साच ३० सेंटिमीटरवर सोसावा लागतो.

चालू यंत्राजवळ हातमोजे व सैल बाह्या नसाव्यात. बिटात गुंतलेले कापड हातालाही ओढून नेते. डोळ्यांवर चष्मा असावा. इतके करूनही लाकूड सुटलेच, तर ते पकडावयास धावू नये. यंत्र बंद करावे आणि बिट पूर्ण थांबल्यावरच हात पुढे करावा.

आवळण्यास दोन मिनिटे लागतात. ती वाया गेली असे समजू नये. भोक कोठे व किती खोल पाडावयाचे, हे माणसाने ठरवावे. लाकूड धरण्याचे काम मात्र शिकंज्याकडेच सोपवावे.