तेल जातं कुठे, बॉस?

जळगावात ऑइल बघितलं, एकदम फुल्ल. एरंडोल, पारोळा करत धुळ्याच्या दोन-चार फेऱ्या झाल्या आणि डिपस्टिकवर तेल थेट खालच्या खुणेला! बरं, पार्किंगमध्ये एक थेंब नाही. 2014मध्ये उत्पादन थांबलेली मारुती 800 किंवा तिच्या वयाची कुठलीही गाडी असेल, तर हे कोडं ओळखीचं असेल. ‘इंजिन खोलावं लागेल’ ऐकून लगेच खिसा सैल करू नका.

आधी मोजायचं नीट. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक. रात्री खाली पुठ्ठा टाका. तो कोरा राहिला तरी टॅपेट कव्हरचं पॅकिंग तपासाच. तिथून झिरपलेलं तेल गरम एक्झॉस्टवर जळतं, फक्त वास येतो.

खरी गंमत धुरात. धुळ्याजवळचा लळिंग घाट गिअरमध्येच उतरा, खाली ॲक्सिलरेटर दाबा, शेजारच्याला मागे बघायला सांगा. निळा धूर भपकन येऊन गेला? मग बहुधा व्हॉल्व्ह सील. रबरच ते, वयाने आणि उष्णतेने कडक होणारच. हे काम पूर्ण इंजिन न खोलता होतं. चढावर सतत धूर असेल तर मात्र संशय पिस्टन रिंगांवर. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकल्यावर आकडा चांगलाच वाढला, तर खर्च मोठा आहे.

आणि तो लाल दिवा? तो प्रेशर सांगतो, पातळी नाही. तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.