पहाटेची वसुली

"काका, खात्यात चार पौंड उरलेत."

२०१३च्या ऑक्टोबरमधला शेवटचा शुक्रवार. पुण्यात सकाळचे साडेअकरा, म्हणजे इंग्लंडात सात. फोनवर माझ्या सांगलीच्या मित्राचा मुलगा होता. लेस्टरमध्ये एमएस्सी झालं होतं, व्हिसा अजून हातात होता, तोवर एका गोदामात रात्रपाळी करत होता. पगार आठवड्याचा, दर शुक्रवारी. त्या दिवशी २३० पौंड रात्रीच जमा झाले आणि पाळी संपवून तो खोलीवर पोचायच्या आत त्यातले २२६ गेलेसुद्धा. चोरी नव्हती. उन्हाळ्यात एका ऑनलाइन सावकाराकडून त्याने ४०० पौंड घेतले होते. दोनदा मुदत वाढवून, वर उशिराचा दंड चढून ते ५६०वर गेले होते. सावकाराने खात्यात दिसले तेवढे उचलले. पुढच्या शुक्रवारीही उचलणार, हे उघड होतं. खोलीचं भाडं थकलेलं, आणि बाबांना यातलं काही कळता कामा नये. मी बँकेत बत्तीस वर्षं काढलेली, म्हणून फोन मला.

"बँकेला सांगितलंस का, पुढचं थांबवा म्हणून?"

"आत्ताच बोललो. त्या बाई म्हणाल्या, कार्डावरचं पेमेंट आहे, आम्हाला थांबवता येत नाही. ज्यांना परवानगी दिलीत त्यांच्याशीच बोला."

खरं सांगतो, मला ते उत्तर पटलं. काउंटरच्या आत बसून मीही कदाचित असंच सांगितलं असतं. दुपारी चष्मा लावून वाचत बसलो तेव्हा कळलं, की उत्तर साफ चूक आहे, आणि ते चूक ठरून चार वर्षं होत आली आहेत.

घोळ कुठे होता, हे समजायला त्या परवानगीचा प्रकार बघावा लागतो. इंग्लंडात घरोघरची मासिक बिलं बहुतेक डायरेक्ट डेबिटने जातात. त्यासाठी तुम्ही खाते क्रमांक आणि सॉर्ट कोड देता. रक्कम किंवा तारीख बदलायची असेल तर कंपनीने आधी कळवायचं असतं. चुकून पैसे गेले तर बँक ते परत करते, तशी लेखी हमीच असते. शिवाय चालू असलेल्या डेबिटांची यादी ऑनलाइन दिसते आणि तिथल्या तिथे रद्द करता येते. पगारापुरतं कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी बहुधा ही वाट टाळली. त्यांनी मागितला कार्डावरचा सोळा आकडी नंबर, त्याची मुदत आणि मागचे तीन आकडे. चपला मागवतानाही आपण हेच देतो. फरक एवढाच, की खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असे: थकलेली रक्कम या कार्डावरून वसूल करायला माझी संमती आहे. तिथे एक टिचकी मारली की झालं. या संमतीचं नाव कंटिन्युअस पेमेंट ऑथॉरिटी. तिकडे सगळे 'सीपीए' म्हणतात.

सीपीए मुळात वाईट नाही. जिमची फी, मासिकाची वर्गणी त्यावर सुरळीत चालते. पण जिमवाला ठरलेल्या तारखेला ठरलेली फी घेतो. कर्ज थकल्यावर सावकाराच्या हातात हीच संमती वेगळी वागायला लागते. पगाराची वेळ हेरून तो प्रयत्न करतो. पूर्ण रक्कम निघाली नाही तर अर्धी मागतो, अर्धी नाही तर दहा पौंड, आणि पुन्हा थोड्या वेळाने. बँकेच्या डायरेक्ट डेबिटांच्या यादीत मात्र याचा पत्ता नसतो, कारण यंत्रणेच्या दृष्टीने तो कार्डावरचा आणखी एक व्यवहार. म्हणून आमचा मुलगा ती यादी वरखाली करून थकला होता. त्यात फक्त मोबाइलचं बिल होतं.

आपला वाणी उधारी वहीत लिहितो, रस्त्यात अडवतो, चारचौघांत दोन शब्द सुनावतो. पण पैसे निघतात ते तुमच्या हातून. पोराची फी आधी की वाण्याचं बिल आधी, हे घरात ठरतं. सीपीएने हिरावला तो हा क्रम लावायचा हक्क. भाडं, वीज, दूध-पाव या सगळ्यांच्या आधी सावकाराचा नंबर, कारण तो पहाटे उठतो.

आता कायदा. १ नोव्हेंबर २००९पासून ब्रिटनमध्ये पेमेंट सेवांचे नवे नियम लागू झाले. त्यांतला गाभा असा: संमती ग्राहकाने दिलेली आहे, तेव्हा ती मागे घेणाराही ग्राहकच, आणि ती थेट आपल्या बँकेकडे मागे घेता येते. आधी कंपनीला विचारा, तिचं पत्र आणा, अशी अट नाही. पेमेंटच्या आदल्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बँकेला कळवलं की पुरे. त्यानंतरही पैसे गेले तर ते अनधिकृत पेमेंट, आणि बँकेने ते खात्यात परत भरायचे. २०१८च्या जानेवारीत या नियमांची जागा २०१७च्या नियमांनी घेतली. हा भाग टिकला, उलट परताव्याची मुदत नेमकी झाली: कळवल्याच्या पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत.

इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना फोनवरच्या बाई 'कंपनीशी बोला' का म्हणाल्या? त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. बँकेत नियम वरून येतो परिपत्रकाच्या रूपाने, आणि खाली चालते ती सवय. दोन्हींची गाठ पडायला वर्षं लागतात. आमच्या शाखेत एक जुना हेडक्लार्क रद्द झालेला फॉर्म चार वर्षं भरून घेत होता, कारण त्याच्या खणात त्याचा गठ्ठा होता. ब्रिटनमध्येही बँकांबद्दल हीच तक्रार इतकी वाढली, की २०१३च्या एप्रिलमध्ये स्थापन झालेल्या एफसीए या नियामक संस्थेने जूनमध्येच हा विषय हाती घेतला. ग्राहकाने सीपीए रद्द करायला सांगितलं तर ते रद्द करू आणि तरीही पैसे गेले तर भरून देऊ, असं मोठ्या बँकांकडून वदवून घेतलं. आमचा फोन झाला तो त्यानंतर चार महिन्यांनी. गठ्ठा अजून खणातच होता.

मुलाला मी म्हटलं, पुन्हा फोन कर, पण शब्द बदल. 'पेमेंट थांबवा' म्हणू नकोस, ती विनंती वाटते. 'या कंपनीला दिलेली संमती मी मागे घेतोय, यापुढचं तिचं कुठलंही पेमेंट माझ्या परवानगीशिवायचं समजा' असं म्हण. कंपनीचं नाव स्टेटमेंटवर छापून येतं तसंच्या तसं सांग. कर्ज देणाऱ्या कंपन्यांचं जाहिरातीतलं नाव एक आणि स्टेटमेंटवरचं दुसरं, हे सर्रास चालतं. रक्कम सांगू नकोस. विशिष्ट रकमेवर बंदी घातली आणि सावकाराने एक पेनी कमी मागितली, तर बंदी राहिली बाजूला. बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेव, आणि तोच मजकूर त्याच दिवशी लेखी पाठव.

त्याचं म्हणणं होतं, कार्डच हरवलं म्हणून कळवतो, नवं घेतो, पीडा टळेल. वरकरणी सोपं आहे, पण भरवशाचं नाही. कार्ड बदललं की नवा नंबर नेहमीच्या व्यापाऱ्यांपर्यंत आपोआप पोचवण्याची सेवा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडे आहे. तुमची वर्गणी खंडित होऊ नये म्हणून केलेली सोय सावकाराच्याही कामी येऊ शकते. शिवाय संमती कागदावर जिवंत राहते ती राहतेच. आणि खोटं कशाला बोलायचं, कायदा आपल्या बाजूने असताना?

दुसऱ्या फोनवर दुसरी व्यक्ती होती. तिने पाच मिनिटं थांबवून ठेवलं, कुणाला तरी विचारलं आणि नोंद केली. तरी पुढच्या शुक्रवारी ९० पौंड गेले. या वेळी मात्र आपल्या हातात तारीख-वेळेसह कागद होता. तक्रार केली, आणि तीन-चार दिवसांत ९० पौंड परत जमा झाले. बँकेने दाद दिलीच नसती तर पुढची पायरी होती फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिस. तिथे ग्राहकाला पैसे पडत नाहीत. आज पेमेंटविषयीच्या अशा तक्रारींना बँकेने साधारण पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि अंतिम उत्तरानंतर ऑम्बुड्समनकडे जायला सहा महिने मिळतात.

त्या काळातल्या या धंद्याचा चेहरा म्हणजे वोंगा. वार्षिक दर ५,८५३ टक्के, हा आकडा त्यांच्या जाहिरातींतच असे. न्यूकॅसल युनायटेडच्या फुटबॉल शर्टावर त्यांचं नाव झळकत होतं. २०१३च्या जुलैत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी म्हणाले, की आम्ही पतसंस्थांना बळ देऊन स्पर्धेनेच वोंगाला संपवू. लगेच उघडकीला आलं, की चर्चचेच काही पैसे आडवळणाने वोंगात गुंतले आहेत. बिचाऱ्यांची फार पंचाईत झाली. पुढच्या वर्षी आणखी एक प्रकरण बाहेर आलं: अस्तित्वातच नसलेल्या वकिली फर्मच्या नावाने वोंगा थकबाकीदारांना धमकीची पत्रं धाडत होती. सुमारे ४५,००० ग्राहकांना मिळून २६ लाख पौंडांहून अधिक भरपाई द्यावी लागली.

नियमांचे फास त्यानंतर भराभर आवळले गेले. १ जुलै २०१४पासून अशा महागड्या अल्पमुदतीच्या कर्जात सीपीएचे दोन प्रयत्न फसले की तिसरा करायला मनाई झाली, आणि अर्धीमुर्धी रक्कम ओरबाडायलाही. मुदतवाढ जास्तीत जास्त दोनदा. २ जानेवारी २०१५पासून दरालाच टोपी बसली: दिवसाला ०.८ टक्के, उशिराचा दंड १५ पौंड, आणि व्याज-दंड मिळून मूळ कर्जाइतक्याच रकमेची कमाल मर्यादा. म्हणजे २०० पौंड तीस दिवसांसाठी घेतले तर व्याज जास्तीत जास्त ४८, आणि काहीही झालं तरी एकूण परतफेड ४००च्या वर नाही. जुन्या ग्राहकांच्या भरपाईच्या दाव्यांखाली दबून वोंगा २०१८च्या ऑगस्टअखेर कोसळली.

इथवर वाचून कुणी आपल्या बँकेकडे धाव घेण्याआधी थांबावं. लेस्टरचं औषध सांगलीत तसंच्या तसं चालत नाही. आपल्याकडे कार्डावरच्या आवर्ती पेमेंटला १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांचं कुंपण आहे. पैसे जाण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी आणि नको म्हणायची सोय हवी. पण कर्जाचा हप्ता बहुतेक वेळा कार्डावरून जात नाही. तो जातो एनएसीएचच्या मँडेटवर, म्हणजे लोक अजून ज्याला 'ईसीएस' म्हणतात त्यावर. मँडेट रद्द करायला बँकेत अर्ज देता येतो. मात्र खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स ॲक्ट २००७च्या कलम २५ खाली, चेक बाउन्स झाल्यासारखाच, तो गुन्हा ठरू शकतो: दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ब्रिटनमध्ये फसलेलं सीपीए ही निव्वळ देणेकऱ्याची थकबाकी. आपल्याकडे त्यावर फौजदारीची सावली आहे. म्हणून इथे क्रम उलटा ठेवावा. हप्त्याच्या तारखेआधी कर्ज देणाऱ्याला लेखी कळवून मुदत किंवा हप्ता बदलून मागावा, पोच घ्यावी, मग मँडेटचं बघावं. रद्द केलेल्या मँडेटवरही पैसे गेले आणि बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट.

कर्ज तिकडेही माफ होत नाही, हे मुलाला मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. दार बंद केलंयस, देणं तसंच आहे. स्टेपचेंज नावाची एक धर्मादाय संस्था तिथे कर्जात अडकलेल्यांना विनामूल्य सल्ला देते. तिच्या मदतीने त्याने आपल्या जमाखर्चाचा तक्ता केला आणि सावकाराला पाठवला. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं: व्याज थांबवतो, राहिलेले ३३४ पौंड हप्त्यांनी द्या. त्याने बँकेत स्वतःच्या हाताने स्टँडिंग ऑर्डर लावली, दर आठवड्याला २० पौंड, सतरा आठवडे.

वार त्याने सोमवार धरला होता. मी विचारलं, पगार तर शुक्रवारी होतो ना?

"हो, पण भाडं शनिवारी द्यायचं असतं, काका."