सातासमुद्रापार गेलेला वऱ्हाडी शिपाई

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले, ते लढाईत हरून नव्हे, तर फौजेच्या पगारापायी. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च निजामाकडे थकला आणि त्या बदल्यात मे महिन्याच्या तहाने कपाशीचा हा सुपीक मुलूख लिहून देण्यात आला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. या फौजेची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूर-परतवाड्याला होती. म्हणून वऱ्हाडच्या सैनिकी इतिहासाची सुरुवात शिपायापासून नव्हे, शेतसाऱ्यापासून करावी लागते.

पुढे याच फौजेच्या पलटणी इंग्रजी लष्करात मिसळल्या. त्यांतल्या एकीचे नावच ९६ बेरार इन्फन्ट्री. तीच आजच्या कुमाऊं रेजिमेंटची दुसरी पलटण, आणि ती अजूनही ‘बेरार’ म्हणून ओळखली जाते. पण भरती व्हायची ती मुख्यतः उत्तरेतल्या जाट, अहीर, रजपुतांची आणि दख्खनी मुसलमानांची. पैसा वऱ्हाडचा, नाव वऱ्हाडचे, शिपाई बाहेरचा. कंटिंजंटचीच दुसरी एक पलटण, ९८ इन्फन्ट्री, नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या किनाऱ्यावर उतरली. तिथे जर्मनांच्या गोळीबारातच मधमाश्यांचे मोहोळ उठले आणि या शिपायांवर तुटून पडले. इंग्रजांचा तो पराभव आजही मधमाश्यांची लढाई म्हणून सांगितला जातो.

त्याच पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत येथे वेढ्यात सापडल्या. अन्न संपले, खेचरे कापून खाण्याची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार सैनिक तुर्कांचे कैदी झाले आणि पुढच्या पायपिटीत व छावण्यांत हजारो मेले. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायाचे नाव तिथे नाही. पलटणवार फक्त आकडा आहे. या लेखाचे मूळ दुखणे तेच.

वऱ्हाडच्या सामान्य घरांना लष्कराचे दार नीट उघडले ते दुसऱ्या महायुद्धात. १९१७ साली उभी केलेली १११ महार पलटण इंग्रजांनी १९२१ मध्ये मोडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय सतत मांडला. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि जून १९४२ मध्ये दुसरी, ती कामठीला. अकोला-अमरावतीच्या तरुणाला कामठी म्हणजे एका रेल्वेगाडीचे अंतर. जमीन नाही, गावात मान नाही, अशा घरातल्या मुलाच्या अंगावर सरकारी वर्दी चढली. ही दुसरी पलटण ब्रह्मदेशात गेली आणि युद्ध संपल्यावर इराकमध्ये, जिथे तीस वर्षांपूर्वी मराठा पलटणी उपाशी राहिल्या होत्या.

ब्रह्मदेशाच्या त्याच युद्धात, जानेवारी १९४५ मध्ये, आराकानातल्या कांगॉ येथे एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणींवर तीन हिंदी अधिकारी होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. थिमय्यांची पलटण हैदराबाद रेजिमेंटची, म्हणजे त्याच जुन्या कंटिंजंटच्या घराण्यातली. १९५३ साली कोरियात बावीस हजारांवर युद्धकैद्यांचा ताबा भारताकडे आला, तेव्हा तिथेही थिमय्या आणि थोरात बरोबर होते. थोरातांनी आपल्या आठवणी लिहिल्या. सेनापती लिहितात, सुभेदार बहुधा लिहीत नाहीत, आणि शिपाई तर नाहीच. युद्धाच्या उंबरठ्यावरची मराठीतली थोर कादंबरी ‘रणांगण’ १९३९ साली लिहिणारे विश्राम बेडेकर अमरावतीत जन्मले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण परदेशी लढून आलेल्या वऱ्हाडी शिपायाच्या हातचे पुस्तक मराठी वाचकाच्या ओळखीचे नाही.

आता श्रीलंका. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारताची शांतिसेना तिथे गेली आणि २४ मार्च १९९० रोजी तिची शेवटची तुकडी परतली. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. शांतिसेनेतले एकमेव परमवीरचक्र महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री जाफन्याजवळ तमिळ बंडखोरांच्या हल्ल्यात सापडले असताना, छातीत गोळी लागूनही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपले. कोलंबोजवळच्या स्मारकावर पडलेल्यांची नावे आहेत. पण परतलेल्यांचे काय? शांतता राखायला म्हणून पाठवले आणि सुरुंगांच्या रस्त्यांवरून चालवले. परतले तेव्हा ना मिरवणूक, ना कौतुक. देश तोवर त्या मोहिमेविषयी बोलेनासा झाला होता. या उपेक्षेचे समर्थन करता येत नाही.

त्या वेळचे विशी-पंचविशीतले जवान आज साठीच्या घरात आहेत. बँकेत रखवाली किंवा दोन-चार एकर शेती करून त्यांनी दुसरे आयुष्य काढले. पत्र्याच्या पेटीत डिस्चार्ज बुक आहे, विदेश सेवा पदक आहे आणि त्याच्या पट्टीवर देशाचे नाव आहे. घरातल्यांनी ते विचारलेले नाही, आणि फौजी माणूस आपण होऊन सांगत नाही.

नोव्हेंबरात हे पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला तालुक्याला, जिल्ह्याला येतील. अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी त्या महिन्यात मुले तिथे पाठवावीत. नाव, गाव, पलटण, भरतीचे साल, परदेशातले ठाणे, बरोबरच्या पडलेल्यांची नावे, एवढे तरी लिहून घ्यावे आणि त्यांच्या वऱ्हाडीतच घ्यावे. तुमच्या घरात, वाड्यात, वस्तीत असा कुणी असेल तर या दिवाळीत त्याच्याजवळ बसा आणि मोबाइलवर त्याचे बोलणे नोंदवून ठेवा.