टायर फुटणं ही 'देवाची करणी' नाही, असं हायकोर्ट का म्हणालं?

25 ऑक्टोबर 2010. पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या एका कारचा मागचा टायर फुटला आणि गाडी खोल खड्ड्यात कोसळली. सहकाऱ्याच्या त्या गाडीतून येणारा 38 वर्षांचा माणूस जागीच गेला. 2016 मध्ये मोटार अपघात न्यायाधिकरणानं त्याच्या घरच्यांना सव्वा कोटींची भरपाई द्यायला सांगितलं, तर विमा कंपनी हायकोर्टात गेली. म्हणणं काय, तर टायर फुटणं म्हणजे 'अॅक्ट ऑफ गॉड'. त्याला कोण काय करणार?

फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी हे अपील फेटाळलं. कारण अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, वापरून झालेले टायर, तापमान, अशा कशानंही टायर फुटू शकतो आणि निघण्याआधी तो तपासणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे. थोडक्यात, हा माणसाचा निष्काळजीपणा.

यातल्या 'कमी हवा' या शब्दांवर जरा थांबा. कारण आपल्याकडे उलटाच सल्ला मिळतो. 'उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमीच ठेव.' ऐकायला पटतं, पण हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते. तार सारखी वाकवली की गरम होते ना, तसंच. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगानं हे तासभर चाललं की आतलं रबर आणि धागे सुटायला लागतात.

आणि उपनगरातल्या गाड्यांचं दुखणं वेगळंच आहे. सोमवार ते शुक्रवार आपण लोकलनं जातो, गाडी बोरिवली-मुलुंडच्या सोसायटीत धूळ खात उभी. उभ्या गाडीतूनही महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय हवा जाते. मग शनिवारी पाच माणसं, डिकीभर सामान आणि थेट लोणावळा!

मग हवा किती भरायची? आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, भरलेल्या गाडीसाठी बहुतेकदा वेगळा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. तपासणी टायर थंड असतानाच करा, म्हणजे पंप घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत हवा. अंधेरीहून हायवेच्या ट्रॅफिकमधून तासाभरानं पंपावर पोहोचलात तर आकडा चार-पाच पीएसआय जास्त दिसेल. ती हवा काढू नका, टायर थंड झाल्यावर कमी पडेल. नायट्रोजन भरलाय म्हणून महिनोन्महिने न बघणंही चूकच. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

आता टायर किती जुना, ते बघा. त्यावर 'डीओटी'नंतर शेवटचे चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. कायद्यानं कारच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी, पण कमी फिरलेल्या गाडीची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर टायरवाल्याला दाखवाच.

आणि हो, स्टेपनी. तिच्यात हवा शेवटची कधी भरली होती, आठवतंय?